उजेडाचं कडं

माझी भाची वैदेही लेझरच्या प्रयोगशाळेत काम करते. एका दुपारी तिने मला पडद्यावर यीस्टची एक पेशी दाखवली. लेझरच्या झोताने ती पाण्यात जागच्या जागी धरली होती. आधीच्या पेशी झोताच्या प्रखर मध्यात मेल्या, म्हणून यावेळी तिने झोताचं कडं केलं होतं. भोवती उजेड, मध्ये अंधार आणि त्या अंधारात पेशी.

"मावशी, ही जगायला हवी," ती म्हणाली.

आम्ही दोन तास बसून राहिलो. धरून ठेवणं म्हणजे घट्ट आवळणं, असंच मी आयुष्यभर समजत आले होते. हळूहळू पेशीला अंकुर फुटला, तिच्यातून नवी पेशी वाढू लागली. वैदेहीने वेळ लिहून घेतली आणि लेझर बंद केला. पेशी अंकुरासकट वाहत पडद्याबाहेर गेली.

"सोडलीस?" मी विचारलं.

"हो, जिवंत आहे ना ती," वैदेही म्हणाली.