निळ्या होड्यांची चादर

सरकारी गोदामातल्या सुतारकाकांना सगळे 'मऊकाका' म्हणत, आणि त्याला कारणही तसंच होतं. लाकडी पेट्या काय, कुठलाही सुतार ठोकतो. काका मात्र पेटीच्या दोराच्या मुठींना जुन्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळत. का, तर उचलणाऱ्याचे तळवे सोलायला नकोत. "पेटी जाणार परदेशी, तुमचं काय जातं?" असं कुणी म्हटलं की ते म्हणत, "तिकडच्या हमालाला काय हात नसतात?"

कापड काकू पुरवत. एकदा घरातली फडकी संपली, तेव्हा त्यांनी लेकाच्या लहानपणीची निळ्या होड्यांची चादर फाडून दिली. लेक त्याच दिवशी सीमेवर निघाला होता. बूट चढवता चढवता तो हसला.

"बाबा, माझ्यापेक्षा त्या हमालांचीच काळजी जास्त तुम्हाला!"

"तुझी काळजी करायला आई आहे की," काका म्हणाले.

त्या खेपेच्या पेट्या पाण्याच्या पंपांसाठी आहेत, असं साहेबांनी सांगितलं होतं. माल भरणारी माणसं वेगळी. काकांनी जास्त विचारलं नाही. पोटासाठी राबणारा माणूस साहेबाला उलट प्रश्न करतो थोडाच!

हिवाळ्यात लेक गेला. शत्रूचा तोफगोळा चौकीवर पडला, एवढंच कळलं. पंतप्रधानांनी भाषणात डोळे पुसले आणि शत्रूला खिळासुद्धा मिळणार नाही, असं ठणकावून सांगितलं.

मग बिंग फुटलं. खिळा कसला, सरकारनेच शत्रूला तोफगोळे विकले होते! तेही चोरून, तिसऱ्याच देशामार्फत, कुठल्याशा तेलाच्या करारापायी. मंत्र्यांनी कानांवर हात ठेवले, अधिकाऱ्यांना अचानक काही आठवेना. करून सवरून सगळे नामानिराळे. लेकाच्या चौकीसमोरचं ठाणं शत्रूने सोडलं होतं, आणि तिथल्या रिकाम्या पेट्या टीव्हीवर दाखवत होते.

भाजी निवडता निवडता काकूंचे हात थांबले. पडद्यावरच्या मुठीला निळी होडी होती. मळलेली, पण शीड स्पष्ट दिसत होतं.

"अहो, ही आपली चादर."

काकांना नाही म्हणायचं होतं. आपल्या हातचं काम आपल्याला ओळखू येऊ नये, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.

शेजारी आले, "तुम्हाला काय माहीत होतं?" म्हणाले. खरंच होतं ते, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. माहीत नव्हतं म्हणून काळीज फाटायचं थोडंच थांबतं?

सगळे गेल्यावर काकूंनी विचारलं, "भरल्यावर जड व्हायची का हो ती पेटी?"

"जड व्हायची. दोघं लागायचे उचलायला."

काकू आपल्या तळव्यांकडे बघत राहिल्या.

"मग त्यांचे हात नसतील दुखले," त्या म्हणाल्या.