मोटारनानांचा नकार

मोटारनानांच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी उभ्या आयुष्यात एकदाच ऐकला. समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला त्यांना बघवतच नसे. उज्जैनला फ्रीगंजमध्ये एका निंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. कुणी खडखडणारी गाडी घेऊन आलं की नाना कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत, बॉनेटवर तळहात ठेवत आणि म्हणत, "बाई थकल्यात जरा. पण अजून एक पावसाळा काढतील." मोटारीला त्यांनी कधी एकेरी हाक मारली नाही. सगळ्या मोटारी त्यांच्या बाई होत्या, आणि प्रत्येक बाईचा अजून एक पावसाळा शिल्लक असे.

नाना जाऊन आता खूप वर्षं झाली. जुनं कुणी भेटलं आणि त्यांचा विषय निघाला की त्या चैत्रातलीच गोष्ट निघते. मला त्याचा राग येतो. माणूस त्याच्या एका चुकीएवढाच असतो का? म्हणून मी आधी कोटापासून सुरुवात करणार आहे.

तो खाकी कोट त्यांना संस्थानच्या मोटारखान्यात मिळाला होता. तिथे नाना मिस्त्री होते. मग संस्थानं गेली, मध्यभारत झालं, मोटारखान्यातल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि नाना तेवढा पितळी बटणांचा कोट घेऊन बाहेर पडले. मोटारीखाली शिरतानाही तो त्यांच्या अंगावर असे. कापड काळं कुळकुळीत झालेलं, पण बटणं मात्र लखलखीत. दर शनिवारी त्यांच्या पत्नी, माई, ती चिंचेनं घासत. "कपडा जाऊ दे, बटणं चमकायला पाहिजेत," असं त्या म्हणायच्या, आणि नाना मान खाली घालून घासून घ्यायचे.

पावसाळ्याचं आश्वासन फक्त मोटारींसाठी नव्हतं. आमच्या माधवनगरातल्या घराची गळकी कौलं, शेजारच्या पेन्शनर मास्तरांचा दमा, माझी छत्री, सगळ्यांना नानांनी एकेक पावसाळा वाटला होता. मी इंटरला गणितात आपटले तेव्हा घरात सुतकी शांतता पसरली होती. नाना आले, गुणपत्रिका हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाकीचे विषय तर फर्स्ट क्लास चालून राहिलेत." गुणपत्रिकेचं इंजिन करणारा हा एकच माणूस! मी त्यांना एकदा चिडवलं, "नाना, तुम्ही सगळ्यांना सारखंच सांगता." तर हसले. "अगं बेटा, खराब खबर सांगणारे खूप असतात. एखादा माणूस असाही पाहिजे की ज्याच्याकडून लोक खुशीनं घरी जातील."

आणि लोक जायचे खुशीनं. कारण नानांच्या हातात खरोखरच जादू होती. तारेचा तुकडा, तुपाच्या डब्याचा पत्रा, जुन्या चपलेचं कातडं, यातून ते मेलेली गाडी उठवून उभी करत. दहातल्या नऊ बाया सांगितल्याप्रमाणे पावसाळा काढत. दहावीचा विचार कुणी केला नाही, आम्हीही नाही.

माईंचं आणि नानांचं मूलबाळ नव्हतं. माई दुपारी डबा घेऊन दुकानात येत आणि स्टुलावर बसून नानांचं जेवण होईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत. मी कॉलेजातून परतताना दिसले की हाक ठरलेली: "काय गं, तोंड सुकवून कुठे जाऊन राहिलीस? ये, दोन घास खा." आईला बहीण नव्हती, ती माईंच्या रूपानं मिळाली असं आई म्हणे. दोघींनी मिळून घातलेलं लोणचं दोन्ही घरांत असायचं.

आमची मोटार ही बाबांची हौस. बाबा शिक्षण खात्यात इन्स्पेक्टर. जहागिरी गेल्यावर एका जहागीरदारांनी आपली जुनी गाडी काढून टाकली, ती बाबांनी नानांच्या शब्दावर घेतली. त्या चैत्राच्या तोंडावर ब्रेक दाबला की ती किंचाळायला लागली. नाना नेमके एका लग्नासाठी धारला गेलेले. म्हणून बाबा गाडी देवास गेटाजवळच्या पंजाबी मिस्त्रीकडे घेऊन गेले. मीही बरोबर होते. फाळणीत लाहोरहून निघून, वाटेत काय काय गमावून तो उज्जैनला टेकला होता. बोलणं फटकळ. त्यानं चारही चाकं उतरवली आणि ब्रेकच्या ड्रमच्या आतलं झिजून कागदासारखं झालेलं अस्तर, ज्याला ते लोक लायनर म्हणतात, ते बाबांच्या हातावर ठेवलं.

"साहब, ये गया. चारों गए. ड्रम भी कट गए हैं. सब नया लगेगा, माल बंबई से आएगा. तब तक गाड़ी यहीं छोड़ दो."

मग त्यानं जो खर्च सांगितला, तो ऐकून बाबांनी रुमालानं मान पुसली. "थोडंफार नीट करून चालणार नाही का?" असं त्यांनी हिंदीत विचारलं. मिस्त्री म्हणाला, "चलने को तो चलेगी साहब, रुकेगी नहीं."

बाबांनी चाकं परत लावून घेतली. गाडी बाहेर काढताना मिस्त्री खिडकीशी वाकला आणि मला बघून म्हणाला, "ले जाओ, मगर बच्चे मत बिठाना." घरी आल्यावर मी त्याच्या त्या वाक्याची हुबेहूब नक्कल करून दाखवली. आई, माई, शेजारचे मास्तर, सगळे पोट धरून हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

बाबांना मात्र हसू येईना. दोन दिवस ते ज्याला त्याला विचारत होते. सगळ्यांचं उत्तर एकच. "हे लोक आज इथे, उद्या दिल्लीला. एकदाच काय ते काढून घेतात. तुम्ही आपल्या नानांना दाखवा. आपला माणूस आहे." उज्जैनच्या आम्हा मराठी माणसांना 'आपला माणूस' एवढे दोन शब्द पुरत. परक्यानं दाखवलेलं लायनर बाबांनी स्वतःच्या हातात धरलं होतं, पण ते खरं की खोटं हे ठरवायला आम्ही आडनावं आणि गावं बघत होतो.

त्यातून ते दिवस असे की कुणाचाच पाय जागेवर नव्हता. राज्यांची पुनर्रचना होणार होती. मध्यभारत राहणार की जाणार, खातं इंदूरला राहील की भोपाळला जाईल, पद राहील का, रोज नवी वावडी. एवढा मोठा खर्च अशा वेळी करावा का, हा बाबांचा प्रश्न खोटा नव्हता.

नाना धारहून आले ते सरळ आमच्याकडेच. कोटासकट गाडीखाली शिरले. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि अंगणात बसूनच बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बाबा त्या आठवड्यात नीट झोपले नव्हते.

"मिस्त्री माहीतगार आहे," नाना सावकाश म्हणाले. "नवं घातलं तर उत्तमच. पण बदलीचं कळू द्या आधी. मी आवळून देतो. अजून एक पावसाळा काढतील बाई."

बाबांच्या कपाळावरच्या आठ्या माझ्या डोळ्यांसमोर उतरल्या. तरी त्यांनी विचारलंच, "नाना, खरं सांगा. बुधवारी सगळ्यांना घेऊन चिंतामणला जाऊ ना?"

"जा की साहेब! आमच्या हिलाही घेऊन जा. केव्हाची जायचं म्हणून राहिलीय."

नानांना फसवायचं असतं तर त्यांनी स्वतःची बायको त्या गाडीत बसवली असती का? हे मी पुढे कितीतरी जणांना ओरडून विचारलं आहे.

चैत्रातल्या बुधवारी चिंतामण गणपतीला जत्रा असते. जाताना काही झालं नाही. परतताना पुढे बाबा आणि आई, मागे मी आणि माई. क्षिप्रेच्या पुलाकडे रस्ता उतरत जातो, तिथे गव्हाच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्यांची रांग चालली होती. आईनं सीट घट्ट धरली. माई मागून म्हणाल्या, "वहिनी, ह्यांनी आवळलंय ना? मग कशाला फिकर करता?" आणि बाबांनी ब्रेक दाबला. तो तळाला टेकला. त्यांनी हातब्रेक ओढला, तो नुसताच वर आला. समोर बैल, गाडीवर पोरंबाळं. बाबांनी चाक डावीकडे फिरवलं आणि गाडी फिरून मागच्या डाव्या बाजूनं बाभळीवर आदळली. त्या बाजूला माई होत्या.

सरकारी इस्पितळात नाना आले तेव्हा सगळं संपलं होतं. बाबा भिंतीला टेकून उभे होते. नाना त्यांच्यापाशी गेले, त्यांच्या डोक्याची पट्टी चाचपली आणि पहिली गोष्ट विचारली ती ही: "साहेब, तुम्हाला फार लागलं का?" मग हवालदार लिहून घ्यायला आला. बाबा म्हणाले, "गाड़ी मैं चला रहा था." नाना म्हणाले, "ब्रेक मैंने कसे थे. मेरा नाम लिखो." दोघं एकमेकांच्या आधी दोष घ्यायला धडपडत होते आणि हवालदार पेन्सिल धरून नुसता बघत होता.

पंजाबी मिस्त्री अंत्ययात्रेला आला होता. आता हा काहीतरी बोलणार म्हणून लोकांनी श्वास रोखले. त्यानं पुढे होऊन तिरडीला खांदा दिला, आणि दहा दिवसांनी नानांच्या बंद दुकानाशी जाऊन म्हणाला, "उस्ताद, अकेले मत बैठो. मेरे यहाँ बैठो." नाना त्याच्याकडे जायला लागले. आलेल्या प्रत्येक गाडीचे ते फक्त ब्रेक तपासत. कोट तोच होता. बटणं हिरवी पडत चालली होती.

आमच्याकडे मात्र ते फिरकले नाहीत. बाबाही त्यांच्याकडे गेले नाहीत. रोज संध्याकाळी बाबा फिरायला निघत, देवास गेटाच्या अलीकडच्या वळणापर्यंत जात आणि परत येत. आई एकदा म्हणाली, "अहो, एकदा जाऊन तर या." बाबा म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ?" सहा-सात महिने असे गेले.

मग नवा मध्यप्रदेश झाला आणि बाबांचं खातं भोपाळला गेलं. सामान न्यायला ट्रक ठरला. पलंग, पेट्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं चढवून झालं आणि दोर आवळत असताना फाटकातून नाना आत आले. केवढे वाळले होते! ते थेट ट्रकखाली शिरले. आम्ही सगळे त्यांच्या बाहेर राहिलेल्या पायांकडे बघत उभे होतो. बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि बाबांकडे न बघता म्हणाले,

"ही गाडी जाणार नाही."

ड्रायव्हर उसळला. "चाचा, कल ही तो इंदौर से माल लेकर आई है!" नाना आमच्या पायरीवर जाऊन बसले आणि पुन्हा तेच म्हणाले. शेवटी बाबांनी मला पंजाबी मिस्त्रीला बोलवायला पाठवलं. तो आला, ट्रकखाली गेला, चाक न् चाक बघून आला आणि बाबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहब, ब्रेक बिल्कुल ठीक हैं. आगे आप जानो." मी शेजारीच होते. आईनंही ऐकलं.

बाबांनी एकदा ट्रककडे बघितलं आणि एकदा पायरीवरच्या त्या हिरव्या बटणांकडे. मग म्हणाले, "सामान उतरवा."

ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. आम्ही सगळ्यांनी मिळून पलंग उतरवला, पेट्या उतरवल्या. आईनं शेजारून पातेलं मागून आणून खिचडी टाकली. नाना आणि बाबा ओसरीवर वळकटीला टेकून बसले होते.

"मिस्त्री काय बोलला ते मी ऐकलं," नाना म्हणाले.

"हं."

"मग सामान का उतरवलंत?"

"तुम्ही म्हणालात म्हणून," बाबा म्हणाले.

माई गेल्या त्या दिवशी नाना रडले नव्हते. चितेपाशीही त्यांचे डोळे कोरडे होते. आता ते गुडघ्यांत डोकं घालून लहान मुलासारखे रडायला लागले, आणि बाबांनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात खिचडी निवेपर्यंत तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ट्रक आला. सामान पुन्हा चढलं. नाना पुन्हा ट्रकखाली गेले, पुन्हा चाक न् चाक चाचपलं. बाहेर येऊन त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. मी वाट बघत होते, पण पावसाळ्याचं ते काही बोलले नाहीत.

"आता जा," म्हणाले. ट्रक सुरू झाला तरी बॉनेटवरचा हात त्यांना काढवेना. फाटकाबाहेर वळणापर्यंत ते तसेच, हात ठेवून, ट्रकच्या बाजूनं चालत आले.