समुद्राचा प्रसाद

आमच्या देवघरात एक शंख आहे. आई रोज आंघोळ झाल्यावर त्याला हळदकुंकू लावते. माझी आक्का त्यातल्याच विषानं गेली, हे मी तिला सांगितलेलं आहे. तरी लावते.

आक्का निपाणीला तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं दिलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासरची मंडळी वेंगुर्ल्याला निघाली, तेव्हा मीही सोबत गेलो. घाटावरची आमची माणसं पहिल्यांदा समुद्र पाहिला की नारळानं त्याची ओटी भरतात आणि तो पायाशी जे आणून टाकील ते प्रसाद म्हणून घरी नेतात. आक्कानं ओटी भरली. लाटेबरोबर तपकिरी, जाळीदार नक्षीचा एक शंख आला.

"खणावानी हाय बघ रं," म्हणत तिनं तो मुठीत घेतला. जरा वेळानं म्हणाली, "कायतरी टोचलं."

"मग टाक की गं."

"परसाद टाकत्यात व्हय?"

मूठ तिनं सोडली नाही. आधी ओठ बधिर झाले, मग पापण्या उघडेनात. अंधार पडायच्या आत श्वास थांबला. तिच्या मुठीतला शंख मी आमच्या घरी आणला.

निपाणीत पोचल्या पोचल्या सासूनं सांगून टाकलं, "विष घेतलं की हो तिनं! ह्या भावानं दिलेली प्रभातफेरीची पत्रकं वाचून डोकं फिरलं हुतं." जीव दिलेल्या बाईचं कसलं आलंय दहावं, म्हणून तेही त्यांनी केलं नाही.

पुढं कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी पुस्तकात मला त्याच शंखाचं चित्र सापडलं. आत एक गोगलगाय राहते. सुईसारखा विषारी दात मारून ती मासे खाते. आक्का कशानं गेली याचं मी पत्रक लिहिलं आणि खडेबाजारातल्या छापखान्यात नेलं. मालक पोट धरून हसला.

"गोगलगाय चावली म्हनून छापू व्हय? गाव खिदळंल रं! साप लिही. समुद्रात साप असत्यात, कुनीबी मानंल."

"साप नव्हता."

"मग ने तुजं खरं घरला."

आमच्या वडिलांनी, आप्पांनी, माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. "एक शबुद बदल रं. पोरगी सुटंल माजी."

मी बदलला नाही. एक खोटं सासरच्यांनी तिच्या माथी मारलं होतं, दुसरं मी मारणार नव्हतो. तेव्हापासून आप्पा माझ्याशी बोलत नाहीत, आणि निपाणीत आक्का विष खाल्लेली सूनच राहिली.

परवा शंख उकिरड्यावर फेकायला उचलला, तर आईनं मनगट धरलं.

"टाकू नगं. तिनंबी टाकला न्हाई."