एका धडकेच्या दोन शिट्ट्या

दोन्ही शिट्ट्या एकदमच वाजल्या. माझी बास्केटखालून, ठाकरे सरांची मागून. मी चार्जिंगची खूण केली, म्हणजे बॉल घेऊन आलेल्या मुलीनं उभ्या मुलीला धडक दिली. सरांनी कमरेवर हात ठेवले. ती ब्लॉकिंगची खूण, म्हणजे उभी होती तीच आडवी आली.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. पांढुर्ण्यात शाळेच्या मुलींची फायनल होती. एका गावाचा दुसऱ्यावर भरवसा नव्हता, म्हणून दोन्ही गावांचा एकेक पंच. मी सौंसरची, सर पांढुर्ण्याचे. धडकणारी वंदना सौंसरची, समोरची सुनीता पांढुर्ण्याची. आम्ही दोघांनीही फाउल आपल्याच गावावर दिला होता!

लोक दोन्हीकडून ओरडू लागले. सौंसर एका पॉइंटनं मागे, खेळ मिनिटभर उरलेला. त्यात वंदनाचे चार फाउल झालेले. पाचवा म्हणजे बाहेर.

सर माझ्यापाशी आले. वयानं, अनुभवानं मोठे. "मॅडम, तुम्ही काय पाहिलं?"

"वंदनाचा खांदा सुनीताच्या छातीला लागला."

"मले सुनीताचे पाय सरकताना दिसले."

"मग माझा फाउल मागे घेऊ?"

"काऊन? मी तुमचा कॉल खोडू शकत नाही, तुम्ही माझा नाही. दोन्ही राहू द्या."

नियमही तसाच होता. डबल फाउल, दोघींवर एकेक, आणि जवळच्या सर्कलमध्ये जंप बॉल, म्हणजे पंचानं बॉल वर उडवायचा, दोघींनी उडी मारून तो आपल्या बाजूला ढकलायचा.

वंदना रडवेली झाली. "मॅडम, आपल्याच पोरीले बाहेर काढून राहिल्या?"

"हो. जा, बस."

तिच्या जागी लता आली. उडाली चांगली, पण बॉल पांढुर्ण्याला गेला. आम्ही एका पॉइंटनं हरलो.

परतीच्या बसमध्ये मोहगाव आलं तशी वंदना माझ्या शेजारी येऊन बसली. मग सोललेलं संत्रं पुढे करत म्हणाली, "मॅडम, सुनीताचे पाय सरकलेच होते ना पण?"

"सरांना दिसले. मला नाही दिसले."

"म्हणजे मीच एकटी नव्हती चुकली."

"नाही ना."

ती हसली. पुढच्या वर्षी दोन्ही गावांनी एकच मागणी केली, पंच म्हणून ठाकरे सर आणि मॅडमच पाहिजेत. त्या मॅचमध्येही दोनदा एकदम शिट्टी वाजली. पण तोवर आम्ही शहाणे झालो होतो. शिट्टी वाजली की मूठ वर करायची, जोडीदाराकडे पाहायचं, जो जवळ असेल त्यानंच खूण करायची. दुसऱ्यानं हात खाली घ्यायचा. हे शेवटचं सगळ्यात कठीण.