हिलालने बांधलेला पाय

हिलाल कापड विणायच्या लूमवर बारा-बारा तास राबायचा, पण लिंबायतच्या त्या गल्लीत त्याची ओळख होती ती हाडं बसवणारा म्हणून. पारोळ्याकडच्या त्याच्या बापाने जन्मभर बकऱ्या-वासरांचे मोडलेले पाय सांधले आणि मरताना पोराला शेत नाही, तेवढा हातगुण दिला. कुणाचा बोकड पत्र्यावरून पडला, कुणाची कोंबडी सायकलखाली आली, की चला हिलालदादाकडे. गडी एक पैसा घेत नसे. कौतुक मात्र भरपूर लागायचं त्याला.

शहाण्णव साली दिवाळी सरली आणि त्याच्या ढवळीच्या पुढच्या पायावरून रिक्षा गेली. ढवळी म्हणजे त्याच्या बायकोने, सरलाबाईने गटारीतून काढून वाढवलेली कुत्री, पण जीव सगळा हिलालवर. तो पाळीवरून येईपर्यंत भाकरीला तोंड लावत नसे.

"तिले ढोरना सरकारी दवाखानामा लई चाला. तठे डॉक्टर शे," सरलाबाई म्हणाली.

"मना बाप कोन व्हता, इसरनी का?" हिलाल म्हणाला. झालं, विषय संपला.

त्याने हाड बसवलं. ढवळी थरथरली, पण त्याच्या हाताला दात लावला नाही. हळद लावली, बांबूच्या कामट्या बसवल्या. आता बांधायला पट्टी हवी. बाप जुन्या धोतराची पट्टी वापरायचा. सूज आली की ते मऊ सुती कापड जरा सैल व्हायचं. हिलालच्या घरी सुती चिंधीच निघेना. सरलाबाईच्या साड्या पॉलिस्टर, त्याचे सदरे टेरिकॉटचे, कारखान्यातून आणलेले तुकडे तसलेच चमचमते. त्यातला कोरा तुकडा फाडून त्याने पट्ट्या केल्या आणि आवळून बांधल्या. धोतरापेक्षा हे बरं, सैल पडायचं नाही, असं वर शेजाऱ्यांना ऐकवलंही. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, हे त्याला कोणी सांगावं?

तिसऱ्या दिवशी ढवळी पट्टी कुरतडायला लागली. हिलाल तिच्यावर ओरडला. कुरतडलेल्या जागी आणखी दोन वेढे दिले. ती दिवसभर कण्हायची आणि तो आला की शेपटी हलवायची. सरलाबाईने पुन्हा दवाखान्याचं काढलं, तर म्हणे, हाड जुळताना ठणकतंच.

सहाव्या दिवशी खोलीत घाण वास सुटला. तेव्हा मात्र त्याच्या पायाखालची जमीन सरकली. ढवळीला मांडीवर घेऊन दोघं रिक्षाने दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी कात्रीने पट्टी कापली. खाली पंजा काळा पडला होता, गार होता. त्यांनी खांद्यापर्यंत हात फिरवला, ताप पाहिला, डोळे पाहिले.

"हाडकुं तो बराबर बेसाड्युं छे," ते गुजरातीत म्हणाले. हाड अगदी नीट बसलं होतं. "पण पट्टीने रक्त अडलं. विष वर अंगात गेलंय, भाई. पाय कापूनही जगणार नाही. आ कोणे बांध्युं?"

सरलाबाईने मान खाली घातली.

"मी," हिलाल म्हणाला.

डॉक्टरांनी त्रास संपवायचं इंजेक्शन भरलं आणि तिचं तोंड बांधायला सांगितलं, चावली तर?

"चावत नाही ती," हिलाल म्हणाला. त्याने तिला धरलं. हाड बसवताना पडली होती तशीच ती निमूट पडून राहिली, त्याच्या काखेत नाक खुपसून. सुई टोचली तेव्हा शेपूट एकदा हलली. त्याला तिथून उठवेना.

परतताना सरलाबाई त्याचा दंड धरून बसली होती. "तुम्हीन काय मुद्दाम करं का?" ती म्हणाली.

हिलालला रडू आवरेना. "ती कन्हे, सरला," तो म्हणाला. "अन मी तिले सांगू, गप बठ."