मण्यांचा वेल आणि बाबांचा हात

ऑफिसातल्या मैत्रिणीची बदली झाली, तेव्हा जाताना तिनं मला एक टांगती कुंडी दिली. हिरव्या वाटाण्याएवढे गोल मणी दोऱ्यात ओवावेत तशा माळा तिच्या काठावरून खाली लोंबत होत्या. नागपुरात बेसाच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती खिडकीला टांगली आणि तुळशीला घालावं तसं रोज सकाळी तिलाही तांब्याभर पाणी घालून मी ऑफिससाठी बुटीबोरीची बस गाठू लागले.

त्याच सुमारास बाबांना उमरेडहून माझ्याकडे आणलं होतं. अर्धांगाच्या झटक्यातून ते सावरले, चालूही लागले, पण उजवा हात हट्टी झाला होता. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो त्यांनी एकदा पाहिला आणि खुर्चीखाली ढकलून दिला. "हे लेकरायचं खेळणं हाये," एवढंच बोलले. मग दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचे.

होळीनंतर माझ्या वेलाचे मणी पिवळे, पाणचट होऊन गळायला लागले. एका रविवारी कुंडी उचलून मी कचऱ्याच्या डब्याकडे निघाले.

"थांब वं. काहून फेकून राहिली?"

"सडला बाबा पूर्ण."

"पूर्ण नाई सडला. आण इकडे."

त्यांनी वर्तमानपत्रावर माती उलटी केली. डाव्या हातानं सडलेलं बाजूला काढत गेले आणि सात माळा चांगल्या निघाल्या. त्या दोन दिवस सावलीत सुकू दिल्या. मला कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणायला लावलं, भोक पाडलेलं. त्यात विटांचे तुकडे, जाड रेती आणि वर थोडीशी माती भरली. माळा मातीवर आडव्या ठेवायच्या, म्हणजे टेकलेल्या जागी मुळं फुटतात, हे मी मोबाइलवर वाचून त्यांना सांगितलं. पण माळा जागेवर राहीनात.

"तुह्या अंबाड्याचे आकडे दे," बाबा म्हणाले.

आणि माळ मातीत टाचायला त्यांनी आकडा उजव्या हातात धरला. तो पडला. उचलला, पुन्हा पडला. मी पुढे सरकले तर म्हणाले, "हात नको लावू." चाळीस वर्षं हातमागावर काढलेला माणूस होता तो. तुटलेला धागा न बघता जोडणारी ती बोटं आता केसाच्या आकड्याशी झुंजत होती. सात माळा बसवायला सकाळचे अकरा वाजले. मी त्या दिवशी पहिल्यांदा ऑफिसला दांडी मारली.

उन्हाळा तापला. जवळच्या नर्सरीवाल्यानं आधीच सांगितलं होतं, नागपूरच्या उन्हात हे झाड टिकत नाही. बाबा ऐकणारे नव्हते. सकाळचं कोवळं ऊन दाखवून झालं की ते परळ आतल्या बोळात न्यायचे, कूलरच्या ओल्या हवेपासून लांब. रोज एकेक मणी उजव्या हाताच्या दोन बोटांत हलकेच दाबून बघायचे. मणी टणक असेल तर पाणी नाही. सुरकुतला, तरच.

मे महिन्यात एकदा मला राहवलं नाही. बाबा दुपारी झोपलेले बघून मी वाटीभर पाणी घातलं. चार दिवसांत एका कोपऱ्यातली माळ सडली.

"कोणं पाणी टाकलं? तुले सांगतलं होतं ना! मुळीले दम घेऊ द्याव लागते! ऑफिसात एवढ्या फायली सांभाळते अन् इथं एक झाड तुह्यानं सांभाळल्या जात नाई?"

झटक्यानंतर ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बोला बाबा, अजून बोला.

पावसाळ्यात त्यांनी परळ पाऊस लागणार नाही असं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, आणि दिवाळीपर्यंत माळा परळाच्या काठावरून उतरून खिडकीच्या गजांखाली गेल्या. थंडीत त्यांना बारीक पांढरी फुलं आली. वास दालचिनीचा. सोसायटीतल्या बाया बघायला आल्या, मग तुकडे मागायला. बाबांनी सहा जणींना दिवाणखान्यात सतरंजीवर बसवलं, प्रत्येकीपुढे एक परळ. उजव्या हातानं आकडा रोवून दाखवत होते, आणि तो पडत नव्हता.

"काका, आधी कुठे माळीकाम करत होते का?" एकीनं विचारलं.

"नाई. मी विणकर हाओ," ते म्हणाले आणि पुढची माळ उचलली.

होतो नाही म्हणाले, हाओ म्हणाले. चहाचा ट्रे हातात धरून मी दारातच उभी राहिले. हे माझे बाबा, असं त्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

आता आमच्या इमारतीच्या कितीतरी बाल्कन्यांत तो वेल लोंबतो. संध्याकाळी आम्ही दोघं खाली फिरायला जातो तेव्हा बाबा मान वर करून एकेक बाल्कनी तपासतात. परवा मध्येच थांबले.

"तिसऱ्या माळ्यावरची बाई रोज पाणी टाकून राहिली. जाय, सांगून ये तिले."

मी गेले. खरंच ती रोज घालत होती.