घोडीच्या चपला

बाबांना घोडीवर बसून बहिणीकडे जायचा शौक आहे, असं कुणी म्हटलं की ते चिडत. शौक कसला, तो नेम होता. त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, केळापूरकडच्या एका खेड्यात दिलेली. आमच्या गावापासून घोडीने दोन दिवसांची वाट. दर भाऊबीजेला बाबा तिच्या दारात घोडीवरूनच उतरत. विहिरीजवळच्या फरशीवर टापा वाजल्या की आत्या चुलीपासून उठायची, आणि घोडी अंगणात शिरेपर्यंत निरांजन लावून उंबऱ्यात उभी असायची. हाक मारायची वेळच कधी आली नव्हती. पहिलं कुंकू घोडीला, मग भावाला. यात बाबांना काही वावगं वाटत नसे.

कापसाला कुणी विचारत नव्हतं त्या वर्षांतली गोष्ट. एका दिवाळीला हा नेम मोडायची वेळ आली. टांगे बंद पडले तसा नालबंद गाव सोडून गेला होता. जुन्या खिळ्यांनी घोडीच्या खुरांच्या कडा फुटल्या होत्या, आणि वाटेवर नवी गिट्टी पडलेली. मी म्हटलं, "बाबा, औंदा यष्टीनं जा ना."

"अन् हिले काय सांगू?" बाबांनी घोडीकडे बोट दाखवलं.

आधी त्यांनी बैलांना नाल ठोकणाऱ्याला बोलावलं. त्या भल्या माणसाने जन्मभर बैलच पाहिलेले. बैलाच्या खुराला दोन फाका, म्हणून नालाचे तुकडेही दोन. त्याने घोडीच्या अखंड खुरालाही इमानेइतबारे दोन-दोन तुकडे ठोकले. घोडी जरा चालली, थांबली आणि मान वळवून बाबांकडे अशी बघू लागली की मला हसू आवरेना. तुकडे लगेच काढावे लागले.

मग बाबांनी टायरच्या चपला करणारा गाठला. राखेत घोडीच्या चारही पायांचे ठसे घेतले आणि त्या मापाने दोन जोड करवून आणले. तळ ट्रकच्या टायरचा, वरचा भाग ट्यूबचा, बांधायला जुन्या दप्तराची बक्कलं. खूर घासू नये म्हणून आत काय घालायचं, हा प्रश्न त्या वर्षी कुणाला पडणार? आमचं घर कापसाने छतापर्यंत भरलेलं होतं. बाबांनी ठासून कापूस भरला. म्हणाले, "कुठंतरी तं कामी येऊ दे."

मी सायकलवर मागे निघालो. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी नाला ओलांडला आणि घोडी लंगडायला लागली. कापूस भिजून त्याचे दगडासारखे गोळे झाले होते. बाबांनी ते उपसून फेकले, खोगिरावर स्वतःला बसायला घेतलेली घोंगडी विळ्याने फाडली आणि तिचे तुकडे चपलांत घातले. उरलेली वाट ते नुसत्या खोगिरावर कण्हत बसले. मी सायकलवर डबलसीट चला म्हटलं, तर माझ्यावरच खेकसले. त्या हट्टी माणसावर मला तेव्हा फार माया आली.

संध्याकाळी आत्याचं गाव आलं. विहीर मागे पडली, अंगण आलं. उंबरा रिकामा होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता. बाबा घोडीवरच बसून राहिले.

"हाक मारू?" मी विचारलं.

"नको." उंबऱ्याकडे बघत हळूच म्हणाले, "विसरली वाट्टे."

त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला ते बघवेना. मान खाली घातली तर घोडीचे पाय दिसले.

"बाबा, चपला!"

बाबांनी खाली पाहिलं. उतरून बक्कलं सोडली, चपला माझ्या हातात दिल्या, घोडीला लगाम धरून गुपचूप विहिरीपलीकडे नेलं आणि पुन्हा वर बसले. फरशीवर उघडे खूर वाजले. नालांइतके खणखणीत नाही, पण वाजले. आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

घोडी अंगणात शिरली तेव्हा आत्या निरांजन घेऊन उंबऱ्यात उभी होती. घोडीला कुंकू लावता लावता म्हणाली, "काहून रे, औंदा इतका उशीर? मी सकाळपासून कान लावून बसली."

"घोडी म्हातारी झाली व बाई," बाबा म्हणाले, आणि मी चपला पाठीमागे लपवल्या.